से कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभं आहे, त्या संत कॅथरीन कोण?

जुने गोवे इथे जाणारे बहुतेक जण संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीचं दर्शन घेऊन, रस्ता ओलांडून समोरच्या पांढऱ्या से कॅथेड्रलमध्ये शिरतात. हे भलंमोठं कॅथेड्रल झेवियर यांच्या नावाचं असावं, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीन यांचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या सांता कातारिना यांचं आहे.

परंपरा काय सांगते?

चौथ्या शतकाची सुरुवात. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात कॅथरीन ही मोठ्या घरातली, शिकलेली तरुणी राहत होती. देवतांना बळी देण्याची सक्ती चुकीची आहे, असं तिने सम्राटाला तोंडावर सुनावलं. सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पन्नास पंडित आणले. ते हरले आणि स्वतःच ख्रिस्ती झाले. मग तिला खिळे ठोकलेल्या चाकावर मारायचं ठरलं, पण चाकच मोडून पडलं. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला, अशी श्रद्धा आहे. तिथला सहाव्या शतकातला मठ आज तिच्याच नावाने ओळखला जातो.

चित्रात वा मूर्तीत शेजारी मोडकं चाक दिसलं, की ती कॅथरीन समजायची. विद्यार्थी, तत्त्वज्ञ आणि अविवाहित मुली तिला आपली संत मानतात. आपल्या भुईचक्रासारख्या फिरत्या फटाक्याला इंग्रजीत ‘कॅथरीन व्हील’ म्हणतात, तेही यावरूनच.

इतिहास काय सांगतो?

तिच्या काळातला एकही लेखी पुरावा मिळालेला नाही. कथा लिहिली गेली ती काही शतकांनंतर. अलेक्झांड्रियातच 415 मध्ये ख्रिस्ती जमावाने मारलेल्या हायपेशिया या विदुषीची गोष्ट उलटी होऊन इथे आली असावी, असंही काही अभ्यासकांना वाटतं. पुराव्याअभावी 1969 मध्ये रोमच्या सार्वत्रिक सण-पंचांगातून तिचा दिवस वगळण्यात आला. 2002 मध्ये तो ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परत आला.

मग गोव्यात कशी?

उत्तर तारखेत आहे. कॅथरीनचा सण 25 नोव्हेंबरला असतो. 1510 साली याच दिवशी अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकलं. विजयाचं श्रेय त्या दिवसाच्या संतेला देऊन त्याने तिच्या नावाने चॅपल बांधलं. 1534 मध्ये गोवा धर्मप्रांत झाला, तेव्हा त्याच चॅपलला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. आजच्या से कॅथेड्रलचं काम 1562 मध्ये सुरू झालं. त्याच्या मुख्य वेदीवर कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत.

या तारखेला दुसरी बाजूही आहे. शहर पडल्यावर तिथल्या मुस्लिम रहिवाशांची कत्तल झाली आणि अल्बुकर्कने ती राजा मॅन्युएलला पत्रातून अभिमानाने कळवली. सत्तेपुढे न झुकता मरण पत्करलेल्या स्त्रीचं नाव गोव्यात आलं ते असं, जिंकणाऱ्या सत्तेच्या हातून.

कॅथेड्रल पाहायला जाणाऱ्यांनी जवळच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या पश्चिमेला असलेलं सांता कातारिनाचं छोटं चॅपलही जरूर पाहावं. गोव्यातली तिची गोष्ट तिथूनच सुरू होते.