बुबुळावरचे गोंदण

डोळ्यात ‘फूल’ पडले, असे आपण मराठीत म्हणतो. आमचे गुजराती शेजारी ‘फूलुं’ म्हणतात. इतक्या निष्ठुर गोष्टीस दोन्ही भाषांनी एवढे कोमल नाव द्यावे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. डोळ्याच्या दर्शनी भागी जो पारदर्शक पडदा असतो, त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर जखम होऊन ती भरली की मागे पांढरा वण उरतो. तेच हे फूल.

पूर्वी याचे एक मोठे कारण म्हणजे देवी. आमच्या सुरतेत श्रावण वद्य सप्तमीस शीतळा सातम पाळतात. चूल न पेटविता आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात. आपल्याकडे हेच व्रत शुद्ध सप्तमीस येते. १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला, १९८० मध्ये सारे जग. देवी गेल्या, व्रत राहिले, आणि फुलेही पुरती नाहीशी झाली नाहीत. ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव, दुर्लक्षित व्रण, विटीचा मार, किंवा तंबाखूसोबतची चुन्याची पुडी पोराच्या हातात फुटणे, ही कारणे आहेतच.

गेलेली दृष्टी परत येत नसेल, तर निदान तो पांढरा डाग झाकावा, ही इच्छा फार जुनी आहे. ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावे सांगितला जाणारा उपाय असा : डागाचा पृष्ठभाग तापल्या सळईने डागावा आणि मायफळ व लोह यांची पूड, अथवा डाळिंबाची साल व तांब्याचा क्षार लावून तो काळा करावा. साहित्य आजीबाईच्या बटव्यातले, पण धाडस केवढे! पुढे १८६९ च्या सुमारास पॅरिसच्या द वेकर या नेत्रवैद्याने सुईने काळी शाई भरण्याची रीत रूढ केली. आपल्या बायाबापड्यांच्या कपाळावरील गोंदणाचीच ही धाकटी बहीण. १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखविल्यावर अशा शस्त्रक्रिया सुसह्य झाल्या. अलीकडे पडद्याच्या थरांत लेसरने पोकळी करूनही रंग भरतात.

लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत यंत्रमागावर राबणारी खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतील एक मुलगी माझ्या शाळेत होती. विटी लागून डावा डोळा गेलेला. ती सदैव डाव्या भिंतीलगतच्या बाकावर बसे. तो डोळा भिंतीकडे राही. तिची आई एकदा म्हणाली, “दिसलं नाही तरी चालेल गुरुजी, पण ते पांढरं जाईल का?”

डॉक्टरांनी प्रथम विजेरीचा झोत टाकून पाहिला. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. डोळ्यास उजेड कळत असेल, तर रंगाची घाई करू नये. नेत्रदानातून मिळालेला पडदा बसवून दृष्टी येण्याजोगी आहे का, हे आधी तपासावे. सुरतेत लोकदृष्टी चक्षुबँकेसारख्या संस्था यासाठीच झटत आहेत. या मुलीच्या डोळ्यास उजेड कळत नव्हता. रंगीत भिंग लावून पाहिले, ते धुळीत सोसेना; मग गोंदण झाले. वण फार पातळ किंवा डोळा लाल असता तर तेही करता आले नसते. तिचे गुण वाढले नाहीत, बाक मात्र बदलला.

आईचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता : स्थळ आले तर हे सांगावे का? माझे मत स्पष्ट आहे. सांगावे, आणि पहिल्याच बैठकीत सांगावे. गोंदण लोकांच्या टक लावून पाहण्यापासून सुटका करण्यासाठी आहे, वरपक्षाला फसविण्यासाठी नव्हे.

हल्ली निरोगी डोळ्यांचा रंग हौसेखातर बदलण्याचे खूळ निघाले आहे. अमेरिकेतील नेत्रवैद्यांच्या अकादमीने २०२४ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला, तो योग्यच होय. दिसत्या डोळ्यावर सुई चालविण्यात शहाणपण कसले?

गोंदलेला रंग काही वर्षांनी फिका पडू शकतो. तेव्हा पुन्हा भरावा लागतो. अशा मुलामुलींनी खेळताना न फुटणाऱ्या भिंगांचा चष्मा लावावा, नंबर नसला तरी. उरलेला डोळा एकच आहे.