नोकरदार घराचा जमाखर्च



घरखर्चावर बोलायला उभ्या राहणाऱ्या माणसाकडून श्रोत्यांची एक ठरलेली अपेक्षा असते. अंथरूण पाहून पाय पसरा, वही ठेवा, चैन टाळा, हे तो सांगणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते. काटकसरीविषयी मला आदरच आहे. पण वसई-विरारच्या नोकरदार घराला ती शिकवायला बाहेरून कुणी यावे, अशी स्थिती मुळीच नाही. जिथे रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी मिळते आणि थोरल्याची पुस्तके धाकट्याच्या दप्तरात जातात, तिथे आणखी काय शिकवायचे? मी अर्थशास्त्राची पंडित नव्हे. नोकरी करणारी, दोन मुलांची आई आहे, आणि घरातला हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. ते करता करता माझे जे मत बनले ते असे की, आपल्या घरांत पैशाहूनही अधिक टंचाई असते ती अवधानाची. आणि जे थोडेसे अवधान शिल्लक राहते ते सुट्या नाण्यांवर खर्च होते, मोठे कागद मात्र न वाचता कपाटात जातात.

अवधानाची टंचाई का, हे आपल्या गावात फारसे समजावून सांगायला नको. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. तेव्हापासून या मुलखाचे पोट हळूहळू रुळांना बांधले गेले. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरचे. उंबरठ्यापासून कचेरीतल्या टेबलापर्यंत दोन तास धरले, तर जाऊन-येऊन चार होतात आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांत शंभर! पासाचे पैसे त्या मानाने किरकोळच; खरे भाडे आपण भरतो ते या तासांत. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकून घरी पोहोचलेल्या माणसाने, मुलाचा अभ्यास आणि कुकरची शिट्टी सांभाळून, कर्जाच्या करारातली बारीक अक्षरे वाचावीत अशी अपेक्षा करणे म्हणजे निष्ठुरपणाच होय. पण ती अक्षरे कुणीतरी वाचायला हवीत, हेही तितकेच खरे.

आता एक साधा हिशेब मांडून पाहू. स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बाईशी आपण भाजीच्या जुडीवरून घासाघीस करतो. ती बाई बहुधा आपल्याच तालुक्यातली, पहाटे वाडीत भाजी खुडून आलेली असते. पण ते राहू द्या. रोज दहा रुपये वाचले असे धरले तर वर्षाकाठी ३,६५० रुपये झाले. त्याच घरावर समजा २५ लाखांचे गृहकर्ज आहे, मुदत २० वर्षे, व्याज ९ टक्के. हप्ता पडतो सुमारे २२,५०० रुपये. हाच दर साडेआठ टक्के असता तर हप्ता २१,७०० च्या आसपास आला असता. म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक महिन्याला आठशे रुपयांचा, वर्षाला साडेनऊ हजारांचा. एक अर्ज आणि अर्ध्या दिवसाची रजा एवढ्यावर हे काम होऊ शकते. पण भाजीवाली रोज समोर दिसते आणि व्याजाचा दर दिसत नाही.

या कर्जाविषयी थोडे अधिक सांगते, कारण बहुतेक नोकरदार घरांचा सर्वांत मोठा खर्च हाच असतो. वर सांगितलेल्या कर्जात पहिल्या महिन्याच्या २२,५०० रुपयांपैकी १८,७५० रुपये निव्वळ व्याजात जातात. मुद्दल फिटते ते पावणेचार हजारांनी. वीस वर्षांत एकूण ५४ लाख भरले जातात. दामदुप्पट होऊन वर चार लाख! मात्र दर वर्षी एक हप्ता जादा भरला, बोनस येईल त्या महिन्यात म्हणा, तर हेच कर्ज साडेतीन वर्षांच्या आसपास आधी फिटते आणि सुमारे सहा लाखांचे व्याज वाचते. जादा भरणा जितका लवकरच्या वर्षांत, तितका त्याचा उपयोग मोठा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर अशा मुदतपूर्व फेडीचा दंड व्यक्तीकडून घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली आहे. दुसरी गोष्ट, १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाला जोडलेली असतात. त्याआधीचे कर्ज जुन्याच पद्धतीवर चालू असेल, तर बँकेत जाऊन तसे विचारावे लागते. आपण होऊन कुणी सांगायला येत नाही. क्रेडिट कार्डाविषयी एवढेच सांगते की, बऱ्याच कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज पडते, आणि ते चक्रवाढीने वर्षाला एक्कावन्न टक्के होते. गृहकर्जाचा जादा हप्ता भरायचा तो कार्डाची थकबाकी शून्य झाल्यावर.

पण हे सारे झाले घर खरे असेल तर. आपल्या भागात हा प्रश्न आधी विचारावा लागतो, ही दुःखाची गोष्ट आहे. २०२५ च्या आरंभी नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडल्या गेल्या. विकास आराखड्यात ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टअखेर विरारमध्ये एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे गेली. या इमारतींत राहणारे लोक बेपर्वा होते का? मुळीच नाही. त्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली होती, आणि दाखवायला त्यांच्याकडे कागदही होते. नेमकी मेख तिथेच आहे. दस्ताची नोंदणी झाली म्हणजे इमारत अधिकृत ठरत नाही. निबंधकाच्या कचेरीत नोंद होते ती व्यवहाराची. विजेचे बिल नावावर येते त्यावरून एवढेच कळते की तिथे वीज जळते. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याची पावती, बांधकामाची परवानगी नव्हे. कुणी कर्ज दिले यावरूनही काही सिद्ध होत नाही. हे चार कागद एका फायलीत लावले की फाइल जाड दिसते, आणि घाईत असलेल्या माणसाला जाड फाइल पटते.

पाहायचे कागद निराळे आहेत. जमिनीचा सातबारा आणि बिनशेतीचा आदेश, नियोजन प्राधिकरणाने दिलेले बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, आणि इमारत पुरी झाली असल्यास भोगवटा प्रमाणपत्र. येथे महानगरपालिका झाली ती २००९ साली. तिच्याआधी बरीच वर्षे या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे होते, म्हणून जुन्या इमारतीचा कागद सिडकोचा असू शकतो. २०१७ पासून नव्या प्रकल्पांची नोंद महारेराकडे होते आणि तिथले कागद घरबसल्या पाहता येतात. पण बनावट परवानग्या जोडून ही नोंदणीसुद्धा मिळवल्याची प्रकरणे २०२२-२३ च्या सुमारास कल्याण-डोंबिवलीत आणि आपल्याकडेही उघडकीस आली. तेव्हा बांधणाऱ्याने दिलेली प्रत हातात घेऊन ती परवानगी ज्या कचेरीची म्हणून दाखवली आहे तिथेच जावे, आणि तिच्या क्रमांकाची खातरजमा करून घ्यावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. त्याच्या उत्तराला तीस दिवस लागतील. वीस वर्षांच्या हप्त्यापुढे तीस दिवस ते काय! वकिलाची फी द्यावी लागली तर द्यावी. पण तो वकील बांधणाऱ्याने सुचवलेला नसावा.

आता ठेवींकडे येते. या बाबतीत वसईला एक अभिमानाचा इतिहास आहे. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने येथे बेसिन कॅथोलिक सहकारी पतसंस्था निघाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात येऊन तेव्हा चौदाच वर्षे झाली होती. केळी, पानवेल, भाजी पिकवणारा इथला वाडीवाला सावकाराच्या वहीतून सुटावा, हा तिच्यामागचा हेतू. त्या पतसंस्थेची पुढे बँक झाली आणि शंभरी ओलांडून ती आजही उभी आहे. अशा संस्थांमुळे आपल्याकडे पतपेढी या शब्दाला घरगुती विश्वासाचा वास आहे. संचालक ओळखीचे, वसुलीला येणारा गल्लीतला, आणि व्याज अर्धा-एक टक्का जास्त. या विश्वासाला मी नावे ठेवणार नाही. त्याच्यावाचून सहकार चाललाच नसता. मात्र बँक आणि पतपेढी यांच्यात एक भेद आहे, आणि तो पाटीवर लिहिलेला नसतो.

१९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर सरकारने ठेवींच्या विम्याची व्यवस्था केली आणि १ जानेवारी १९६२ पासून ती सुरू झाली. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपयांची. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. एका बँकेतल्या आपल्या नावाच्या साऱ्या खात्यांची मिळून, सर्व शाखांची आणि व्याजासकट, ही मर्यादा आहे. दोन शाखांत दोन ठेवी ठेवल्या म्हणून दहा लाख सुरक्षित झाले असे होत नाही. दोन बँका असाव्या लागतात. नागरी सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतपेढीला तो लागू नाही. भिशीला तर नाहीच नाही. पतपेढी बुडाली तर ठेवीदाराच्या मागे या विम्याचा एक पैसाही उभा नसतो.

विम्याचे मोल काय ते सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई परिसराने पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि आरंभी खातेदाराला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. मुलाची फी, रुग्णालयाचे बिल, सारे त्या हजारात! ही मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली; २०२१ साली कायदा दुरुस्त झाला, आणि निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली. तरी नव्वद दिवस म्हणजे तीन महिने. म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम दुसऱ्या बँकेत असावी, हा माझ्या घरचा नियम आहे. तिचे व्याज थोडे कमी आले तरी मी त्याकडे पाहत नाही.

आयुर्विम्यावर फार बोलत नाही, कारण विमा विकणारे पुष्कळ बोलतात. बचत आणि विमा एकाच पुडीत बांधलेली पॉलिसी साधारणतः दोन्ही कामे अर्धवट करते, असे माझे मत आहे. निव्वळ मुदतीचा विमा घ्यावा. त्याची रक्कम उरलेले कर्ज आणि मुले कमावती होईपर्यंतचा खर्च यांच्या बेरजेला पुरावी. नोकरीतून मिळणारा विमा नोकरीबरोबरच संपतो, हे लक्षात असू द्या. एक जुना कायदा मात्र सांगण्याजोगा आहे. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावरची पॉलिसी या कायद्याखाली पत्नी वा मुलांच्या लाभासाठी घेतली, तर ती रक्कम त्यांच्या विश्वस्तनिधीसारखी राहते आणि नवऱ्याच्या धनकोंचा तिच्यावर हक्क पोहोचत नाही. प्रस्ताव भरतानाच तसे लिहावे लागते. त्याला वेगळा हप्ता पडत नाही. दीडशे वर्षांची ही सोय कितीजण वापरतात?

नामनिर्देशनाविषयी समाजात एक गैरसमज पक्का आहे: नॉमिनी म्हणजे मालक. बँकेच्या ठेवीत नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. आयुर्विम्यात २०१५ पासून आईवडील, पती वा पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते, एवढा फरक पडला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. आणि मृत्युपत्र? त्याला मुद्रांक कागद लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साधा कागद, सही आणि दोन साक्षीदार पुरतात. तरीही चाळिशीच्या माणसाने मृत्युपत्र केले म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात.

दहा वर्षे हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग होते. हा निधी २०१४ पासून आहे, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अनेक बँकांतल्या अशा ठेवी नाव घालून शोधता येतात. ठेव बुडत नाही, मागितल्यास परत मिळते; पण मागणाऱ्याला ती होती हे माहीत असले पाहिजे. कमावता माणूस सकाळच्या गाडीने जातो आणि कागद कुठे आहेत ते त्याच्याच डोक्यात असते, अशी घरे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

मार्चअखेर वर्ष संपते, जूनमध्ये शाळा उघडतात. मधले हे उन्हाळ्याचे दिवस कागद काढून पाहायला बरे. माझ्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारी एक तास या कामाला ठेवलेला आहे. त्या तासात किराण्याचा हिशेब करायला बंदी आहे. कर्जाचा उरलेला आकडा आणि दर, ठेवी कुठे व कधी पिकतात, विम्याचे क्रमांक, कुठे कोण नॉमिनी आहे, घराचे मूळ कागद कुणाकडे आहेत, एवढे सारे वहीच्या एका पानावर मावते. पासवर्ड त्या पानावर नाहीत. वरच्या कोपऱ्यात तारीख आहे, खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत, आणि ते पान कपाटाच्या कुठल्या कप्प्यात असते हे आमच्या थोरल्या मुलीला ठाऊक आहे.