मनीची कोलांटी आणि उलटा खरवस

मांजर कसंही पडलं तरी चार पायांवरच उतरतं, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. कसं उतरतं, असं विचारून बघा. "त्याला जमतं," एवढंच उत्तर मिळेल. जमतं हे काही उत्तर नव्हे. मला ती गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्याबरोबर खरवसाची एक सांगायची आहे. दोन्ही आमच्या त्र्यंबकच्या घरात एकाच दुपारी, एकाच स्वयंपाकघरात घडल्या. दोन्हींत कुणी न उलटवता काहीतरी उलटलं.

श्रावण होता. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, म्हणून नातवंडं आली होती. बाहेर पाऊस असा की समोरचा डोंगर सकाळपासून दिसला नव्हता. थोरल्या नातीनं ठरवलं की मेक्सिकोतला एक केक करायचा. खाली चॉकलेटचं पीठ, वर गोड दुधाचं घट्टसर मिश्रण ओतायचं आणि भट्टीत ठेवायचं. बाहेर काढताना दूध खाली आणि केक वर! तिकडचे लोक त्याला 'पास्तेल इम्पोसिब्ले', म्हणजे अशक्य केक, म्हणतात. मूळ कृतीत दुधाचा थर बसतो तो अंड्यांनी. आजी म्हणाली, "श्रावणात माझ्या ओट्यावर अंडं यायचं नाही."

नात हिरमुसली. पण आजीनंच वाट काढली. शेजारची डांगी गाय तीन दिवसांपूर्वी व्यालेली होती आणि तांब्याभर चीक घरात आलेला होता.

डांगी गाय तुम्ही पाहिली आहे का? पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस डाग असतात. इगतपुरी, त्र्यंबक, अकोले, तिकडे गुजरातेतलं डांग, हा तिचा मुलूख. धो धो पावसाचा. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे पाणी अंगावर मुरत नाही, ओघळून जातं. दूध बेताचंच देते, पण जिथे दुसरी जनावरं पावसात कुडकुडतात तिथे ही चिखलात उभी राहून चरते.

आणि तिचा चीक! साध्या दुधात दर 100 ग्रॅममागे तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं असतात. व्यालेल्या गाईच्या पहिल्या धारेत ती 14 ग्रॅमच्या आसपास असतात, मग दिवसागणिक उतरत जातात. हे एवढं कशाला? तर वासरासाठी. माणसाच्या बाळाला रोगांशी लढणारी प्रथिनं आईच्या पोटातच, नाळेवाटे मिळायला लागतात. गाईच्या वारेतून ती पलीकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं ते त्या बाबतीत अगदी रिकामं. त्याला ती सगळी चिकातून प्यावी लागतात, तीही घाईनं, कारण ती जशीच्या तशी रक्तात घेण्याची त्याच्या आतड्याची ताकद साधारण पहिल्या 24 तासांपुरतीच टिकते. म्हणून जाणता शेतकरी पहिला चीक वासराला पाजतो आणि मग उरलेल्यातला शेजाऱ्यांना देतो. आमच्याकडे आला तो असा नंतरचा होता.

आता पाहा. साधं दूध कितीही उकळा, त्याची वडी होत नाही. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन, ते नुसत्या उष्णतेनं गोठत नाही. चिकात मात्र दुसऱ्या जातीची, निवळीत राहणारी प्रथिनं भरपूर असतात. 70-80 अंशांपर्यंत तापली की त्यांच्या गुंडाळ्या उलगडतात, ती एकमेकांत अडकतात आणि त्या जाळ्यात पाणी कोंडून बसतं. त्यालाच आपण खरवस बसला म्हणतो. अंडं तापलं की तेही असंच बसतं. म्हणजे मेक्सिकोच्या केकात अंडं जे काम करतं, तेच काम करायला आमच्याकडे डांगी गाईचा चीक हजर होता. नातीनं तो दुधात मिसळला. त्यात गूळ, वेलदोडा, किसलेलं जायफळ आणि डब्यातलं आटवलेलं गोड दूध घातलं. हे डब्यातलं दूध गेल बोर्डन नावाच्या अमेरिकन माणसानं 1856 मध्ये पेटंट घेऊन चालवलं. उन्हात न नासणारं दूध मिळाल्यावर लॅटिन अमेरिकेतल्या उष्ण देशांनी त्याचे किती गोड पदार्थ केले, त्याला गणती नाही.

केकाचं पीठ मैदा, कोको, दही आणि सोडा यांचं. मी नातीला म्हटलं, "अगं, ओतण्याआधी एक गंमत कर. एकच वाटी घे, दोन्ही मिश्रणं एकामागून एक भरून काट्यावर ठेव." तिनं ठेवली. दुधाची वाटी जड भरली. डब्यातलं गोड दूध मुळातच जड. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्या दुधाचं एक किलो 300 ग्रॅमच्या आसपास. त्यात आणखी गूळ. उलट पिठात दह्याचं आम्ल सोड्याला भेटून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठत होते. वाटी तेवढीच, पण तिच्यात पीठ कमी आणि वायू जास्त.

"मग हलकं खाली आणि जड वर ठेवलंस तर काय होईल?" मी विचारलं.

धाकटा म्हणाला, "जड खाली बसेल."

"आणि हलकं?"

"ते वर येईल! पण चमच्यानं ढवळल्याशिवाय?"

ढवळल्याशिवाय. काचेच्या भांड्याच्या तळाला गुळाचा पाक, त्यावर काळं पीठ आणि त्यावर चिकाचं पिवळसर दूध हळूहळू ओतलं. ओततानाच दोन-चार ठिकाणी काळे गोळे वर डोकवायला लागले. भांडं पाण्याच्या ताटात ठेवून ओव्हनमध्ये सरकवलं. पाण्याचं ताट अशासाठी, की पाणी उकळलं की त्याहून तापत नाही आणि दुधाला चटका बसत नाही. इथे, समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या वर, पाणी 100 ऐवजी 98 अंशांच्या जवळपासच उकळतं. हवेचा दाब कमी, म्हणून. काचेच्या दाराला नाक लावून दोघं बसले. ऊब लागली तसा बुडबुड्यांमधला वायू फुगला, पीठ आणखी हलकं झालं आणि कडेकडेनं काळ्या जिभा पिवळ्या दुधातून वर चढू लागल्या. वर पोचल्या की पसरत. दूध त्यांच्या बाजूनं खाली उतरे. दोन्ही थर एकमेकांत फारसे मिसळले नाहीत, कारण दोन्ही दाट. आणि ही अदलाबदल पुरी होता होता दोन्ही बसायला लागले, एक चिकाच्या प्रथिनांनी, दुसरं मैद्याच्या स्टार्चनं. जरा उशीर झाला असता तर गोळा झाला असता, जरा लवकर बसलं असतं तर अदलाबदल अर्धीच राहिली असती.

सगळे दाराशी असे खिळलेले, आणि मनी फडताळाच्या माथ्यावर.

मनी आमची मांजर. उरलेल्या चिकाचा वाडगा फडताळाच्या वरच्या फळीवर झाकून ठेवला होता. माथ्यावरून तिनं एक पंजा खाली सोडला, झाकण सरकवलं, आणखी वाकली. मागचे पाय सुटले. ती पाठीवर खाली आली, तिच्यामागून वाडगा आणि वाडग्याबरोबर कोकोचा उघडा डबा. मोठा आवाज झाला. पाहतो तर मनी चारही पायांवर उभी, चीक सांडलेला आणि त्यात कोकोचा काळा सडा. ती धूम पळाली ती देवघराकडे. धुतलेल्या फरशीवर काळ्या पावलांची रांग उमटली.

"तिला आधी पकडा!" मी ओरडलो. वाडग्याची काळजी नव्हती. कोकोमध्ये थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं. आपलं शरीर ते निपटून टाकतं, मांजर-कुत्र्यांचं शरीर फार सावकाश, म्हणून त्यांना ते विषासारखं बाधतं. हृदय धडधडतं, अंग थरथरतं. आणि पंजे घाण झाले की मांजर काय करतं? चाटून साफ करतं. आजीनं तिला पदरात गुंडाळलं, मी कोमट पाण्यानं एकेक पंजा बोटांच्या बेचक्यांपर्यंत धुतला. तिनं कोको चाटला असता तर तिला तसंच उचलून गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं असतं.

धाकट्याला वाटलं, मनीला गोड हवं होतं. मांजराला गोड कळतच नाही! गोडाची चव घेणारा जो भाग आपल्या जिभेवर असतो, तो घडवायला दोन जनुकं लागतात. 2005 मध्ये अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की मांजराच्या कुळात त्यातलं एक जनुक मोडलेलं आहे. वाघ आणि चित्ताही त्यातच आले. मांस खाणाऱ्याला साखर ओळखायची गरज उरली नाही. मनी गेली ती चिकातल्या चरबीच्या आणि प्रथिनांच्या वासावर.

आता तिच्या पडण्याकडे या. फडताळ चार फुटांहून थोडं उंच. तेवढ्यावरून जमिनीला पोचायला अर्धा सेकंद लागतो. एवढ्यात तिनं अख्खं अंग फिरवलं. पण फिरवलं कशाच्या आधारानं? हवेत पकडायला काही नाही, रेटायला काही नाही. पदार्थविज्ञानाचा नियम सांगतो की न फिरणारी वस्तू बाहेरून रेटा मिळाल्याशिवाय फिरू लागत नाही. या कोड्यानं मोठमोठी माणसं पछाडली होती. विद्युतचुंबकीय लहरींचं गणित मांडणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल केंब्रिजला असताना मांजरं सोडून पाहायचा. तो खिडकीतून मांजरं फेकतो असं तिथे पसरलं होतं. 1870 मध्ये बायकोला लिहिलेल्या पत्रात त्यानं खुलासा केला की आपण फक्त दोनेक इंचांवरून, टेबलावर किंवा बिछान्यावर, ती सोडत होतो. एवढ्याशा उंचीतही मांजर पायांवर उतरे.

उत्तर मिळालं ते 1894 मध्ये. पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी एका सेकंदात कितीतरी छायाचित्रं घेणारा कॅमेरा केला होता. त्यानं पडणारं मांजर टिपलं आणि चित्रं विज्ञान अकादमीपुढे ठेवली. काही विद्वानांना वाटलं होतं, मांजर सोडणाऱ्याच्या हाताला रेटून गिरकी घेत असेल. चित्रांत तसं काहीच नव्हतं.

मांजर आधी कमरेत वाकतं. आता त्याचं पुढचं अर्धं आणि मागचं अर्धं वेगवेगळं फिरू शकतं. ते पुढचे पाय छातीशी घेतं आणि मागचे लांब ताणतं. आवळलेला भाग फिरवायला सोपा, पसरलेला अवघड. पुढचं अर्धं जोरात फिरतं, मागचं उलट दिशेनं अगदी थोडं. मग पुढचे पाय ताणतं, मागचे आवळतं आणि मागचं अर्धं पाठोपाठ फिरवून आणतं. एकूण फिरणं शून्यच राहतं, नियम मोडत नाही, पण तोंड आणि पाय जमिनीकडे वळलेले असतात. 1969 मध्ये केन आणि शेर यांनी याचं पुरं गणित मांडलं. शेपटी मदत करते, पण बिनशेपटीच्या मांजरांनाही हे जमतं.

तुम्हीही करून पाहा, मांजरावर नाही, स्वतःवर. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसा, पाय उचला, दोन्ही हात पसरून झटक्यात डावीकडे न्या. खुर्ची उजवीकडे फिरेल. मग हात छातीशी घेऊन परत आणा. खुर्ची थोडीच मागे येईल. असं करत राहिलात तर जमिनीला पाय न लावता गोल फिराल. मनीला मात्र हे कुणी शिकवत नाही. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय तिला खालची बाजू कुठली ते सांगतं, आणि महिन्याभराच्या पिल्लालाही ते जमू लागतं. तिचं गळपट्टीचं हाड इवलंसं आणि मोकळं असतं, त्यामुळे पुढच्या पायांवर आपटलेला धक्का स्नायू पिऊन टाकतात. तरी शहरांत उंच मजल्यांवरून पडून मांजरं जखमी होतात, मरतातही. खिडक्यांना जाळ्या लावाव्यात.

केक निवल्यावर ताटलीत पालथा घातला. वर गुळाच्या पाकात न्हालेला खरवस, खाली काळा केक. सुरी घालताना खरवस किंचित थरथरला, मग केकाच्या जाळीत सुरी अडखळली. धाकट्यानं कापलेली बाजू नाकाशी धरली. भट्टीत असताना केकाचा जो भाग वर होता, त्यात भोकं मोठी होती, खालच्या भागात बारीक.

"आजोबा, ब्रह्मगिरीच्या दगडालाही अशी भोकं आहेत."

आहेत! 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आसपास इथे लाव्हा पसरला, पुनःपुन्हा. प्रत्येक लोंढ्यातला वायू वर चढला आणि निवताना वरच्या भागात अडकून राहिला. तीच भोकं. पुढे पाण्यानं त्यांत खनिजं आणून भरली, म्हणून दगड फोडला की पांढरे स्फटिक निघतात. आपलं त्र्यंबकेश्वराचं देऊळ, नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये बांधायला घेतलेलं आणि 1786 मध्ये पुरं झालेलं, तेही याच काळ्या पाषाणाचं.

"मग डोंगराचे थर का नाही उलटले?"

हा प्रश्न मला फार आवडला. केकात दोन्ही थर एकाच वेळी ओले होते, म्हणून जागा बदलू शकले. डोंगरात खालचा लोंढा निवून दगड झाल्यावरच वरचा आला. कधी मध्ये इतका काळ गेला की त्या दगडाची माती झाली आणि वरच्या लाव्ह्यानं ती भाजून लाल केली. ते तांबडे पट्टे घाटात आजही दिसतात. जाळीदार थरात पाऊस मुरतो, खालच्या घट्ट थराशी अडतो आणि झरा होऊन बाहेर पडतो. गोदावरीचं पाणी डोंगरातून असंच येतं.

सोमवारी फेरीला निघताना धाकट्यानं माझं भिंग मागून घेतलं. मी त्याला सांगितलं, वाटेतल्या प्रत्येक कड्याशी थांबून बघ, भोकं वर जास्त की खाली, आणि जिथे पाणी पाझरतं तिथे खालचा दगड कसा आहे ते वहीत लिही.