व्हायोलिनकारांचे ऋण

हिंदी चित्रपटगीताच्या मुखड्याआधी उसळणारी व्हायोलिनची लाट आपण सारेच गुणगुणतो. ती वाजविणारे हात अनेकदा गोव्याचे होते, हे मात्र विसरतो. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले हे वादक मुंबईत रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा स्टुडिओत चित्रपटगीते वाजवीत. माजोर्ड्याच्या ॲन्थनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या; संगीतकार प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य. तरीही चित्रपटांच्या नामावलीत वादकांची नावे क्वचितच आली. दशावताराच्या पेटी-पखवाजावर वाढलेल्या पेडणे-डिचोलीकरांनी हा वारसा परका का मानावा? गोन्साल्विस २०१२ मध्ये निवर्तले. घरोघरी उरलेल्या हस्तलिखित स्वरलिप्या कला अकादमीने आजच गोळा कराव्यात. उद्या त्या वाळवीच्या होतील.