दोष कार्डाचा नव्हता : यवतमाळ जिल्ह्यात संगणक जुळवताना

२०२३च्या एप्रिलमध्ये दारव्ह्याला माझ्या बहिणीच्या घरी एक संगणक रोज संध्याकाळी बंद पडू लागला. दिवसभर तो नीट चालायचा. सात वाजता भाच्याने गेम सुरू केला, की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा आणि पंखे शांत. कुणी मागून पिन उपसावी तसा तो जायचा.

हा संगणक मीच जुळवून दिला होता. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे नात्यागोत्यात 'मामांना त्यातलं कळते' अशी समजूत आहे. भाऊजींनी कापूस विकून आलेल्या पैशांतून ६८ हजार रुपये माझ्या शब्दावर काढून दिले होते. भाच्याला गेम खेळायचे होते आणि त्रिमितीय चित्रांचे काम शिकायचे होते. आता घरात रोज वाद होऊ लागला. भाऊजी म्हणायचे, "रात्र रात्र खेळते थो, मंग बिघडन नाही तं काय!" भाचा माझ्याकडे पाहायचा. मी त्या वेळी चुकीचे निदान केले. ते कसे चुकले, हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

सुटे भाग आणि त्यांचा करार

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर मुख्यतः बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा केला आणि त्याची रचना बरीचशी खुली ठेवली. आपल्याकडे ज्याला 'असेंबल्ड' म्हणतात, त्या संगणकाचे मूळ तिथे आहे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. मदरबोर्डचे स्क्रू कुठे येतील आणि वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कोणत्या तारांतून किती दाब देईल, हे त्यात ठरले. १२ व्होल्टच्या तारेवरचा दाब पाच टक्क्यांहून अधिक ढळू नये, म्हणजे तो ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहावा. वीज क्षणभर तुटली तरी एसएमपीएसने सुमारे १६ मिलिसेकंद तग धरावी. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एका कॅबिनेटमध्ये नांदतात ते या करारामुळे.

एसएमपीएसच्या पलीकडे भिंत असते आणि तिथे हा करार संपतो. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आहे असे सगळे गृहीत धरतात. मीही धरले.

माझी चूक

आमच्या यंत्रात आय-५ १२४००एफ हा प्रोसेसर होता. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड काढले, की पडदा कोराच राहतो. नवशिके इथे हमखास घाबरतात. कार्ड होते आरटीएक्स ३०६०, तेही वापरलेले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते 'खणण्याचा' धंदा एका दिवसात बंद झाला. त्यानंतर असली कार्डे बाजारात स्वस्तात आली होती. त्यामुळे माझा पहिला संशय कार्डावरच गेला.

मी ते काढून घरातले जुने, छोटे कार्ड लावले. संगणक आठवडाभर एकदाही बंद पडला नाही. मला वाटले, सिद्ध झाले. नागपूरला सीताबर्डीतल्या एका दुकानात कार्ड तपासायला दिले. त्यांनी दोन तास चालवून सांगितले, "सर, कार्ड चांगलं आहे." मी विश्वास ठेवला नाही आणि सहा हजारांचा तोटा सोसून ते विकून टाकले.

मे महिन्यात भाच्याच्या मित्राने आपले तसलेच, पण नवे कोरे कार्ड चार दिवसांसाठी दिले. तिसऱ्या संध्याकाळी संगणक पुन्हा बंद पडला.

प्रयोगशाळेत मुलांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो, की एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे मी एकच वस्तू बदलली, पण गोष्टी दोन बदलल्या. मोठे कार्ड १७० वॉट घेते, छोटे त्याच्या पाव भागही घेत नाही. कार्डाबरोबर मी यंत्रावरचा भारही काढून घेतला होता. भार कमी झाला म्हणून दोष दिसेनासा झाला होता.

वही

मग मी वही केली. तारीख, वेळ, चालू काम आणि मल्टीमीटरवर दिसणारा घराचा व्होल्टेज. दुपारी तो २२५ ते २३० असे. संध्याकाळी सातनंतर, आळीतले सगळे कूलर आणि बोअरचे पंप सुरू झाले, की तो १८०च्या खाली येई. एकदा १७४ दिसला. संगणक बंद पडल्याच्या सगळ्या नोंदी या कमी व्होल्टेजच्या वेळच्या होत्या. नागपूरच्या दुकानात हा दोष दिसणे शक्यच नव्हते, कारण तिथे ही संध्याकाळ नव्हती.

एसएमपीएस बाहेर काढून लेबल वाचले. इनपुटसमोर २००–२४० व्होल्ट छापले होते. चांगल्या एसएमपीएसवर तिथे १००–२४० असते. फरक आत आहे. चांगल्या डब्यात 'ॲक्टिव्ह पीएफसी' नावाचे मंडल असते. भिंतीतून १७५ व्होल्ट येवोत की २३०, ते आतल्या मोठ्या कपॅसिटरवरचा दाब ३८० ते ४०० व्होल्टच्या आसपास कायम ठेवते. स्वस्त डब्यात ते नसते, त्यामुळे कपॅसिटरवरचा दाब भिंतीबरोबर खाली जातो. कपॅसिटरमधली ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३०चे १७५ झाले तर साठा २४ टक्क्यांनी नव्हे, ४२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे १६ मिलिसेकंदांची तग नऊच्याही खाली येते. त्यात गेममध्ये कार्ड अचानक जोरात वीज ओढते, तारेतला दिवा जरा मिचकतो, आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो.

विंडोजच्या नोंदवहीत अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडते. अनेक जण तीच रोगाचे नाव समजतात. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते. कारण आपल्यालाच शोधावे लागते.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक फसवणूक होते. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको अशी कळ असते. इकोवर तो फार कमी व्होल्टेजही तसाच पुढे सोडतो, आणि वीज गेल्यावर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. पंख्याला ते कळत नाही, संगणकाला कळते. यूपीएस बाजूला कळ केली, की हा वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. वेगळा यूपीएस घ्यायचा तर आकड्याचे एकक पाहा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो.

तिसरे छिद्र

वही सुरू असतानाच भाचा म्हणाला, "मामा, डब्ब्याला हात लावला का मुंग्या येतात." तारतंत्र्याला बोलावले. त्याने बोर्ड उघडून दाखवला. तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे छिद्र नुसतेच होते, त्यामागे वायरच नव्हती.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून कॅबिनेटला, दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेला. अर्थिंग असेल तर तो गोंगाट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट दोघांच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर लोंबकळत राहते. प्रवाह अगदी क्षीण असल्याने मुंग्यांवर भागते. पण उद्या आत खरा दोष निर्माण झाला, तर त्या विजेला जमिनीत जायला माणसाशिवाय वाट उरत नाही.

अर्थिंग असूनही उन्हाळ्यात ती निकामी होऊ शकते. आपली काळी जमीन मार्चनंतर भेगाळते. माती कोरडी पडली, की तिचा रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालण्याची जुनी रीत याचसाठी आहे. तपासणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी. फेज ते अर्थ हा आकडा फेज ते न्यूट्रलइतकाच यावा आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच असावा.

ऊन आणि कापूस

निरनिराळ्या कार्डांच्या तुलनेचे तक्ते बहुधा २२-२५ अंशांच्या खोलीत तयार होतात. हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीपेक्षा किती अंश वर राहायचे, एवढेच ती ठरवते. २२ अंशांच्या खोलीत ६७ दाखवणारे कार्ड, पंख्याचा वेग तोच राहिला, तर ४२ अंशांच्या खोलीत ८७च्या घरात जाईल. बरीच कार्डे ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतात. उष्णतेचा दोष असा ओळखता येतो. चित्र आधी अडखळते, पंखे ओरडतात, यंत्र क्षणात मरत नाही. आमचे क्षणात मरत होते. हे लक्षण मी पहिल्याच दिवशी वाचायला हवे होते.

संगणक घेतो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. म्हणून आपल्याकडे कार्ड निवडताना वॉटचा आकडा किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी जूनमध्ये आलेले आरटीएक्स ४०६० हे कार्ड १७०ऐवजी ११५ वॉटमध्ये त्याहून सरस काम करते. कूलरने खोली थंड होते, पण त्याच्या झोतात संगणक ठेवू नये. ओलावा आणि पाण्यातल्या क्षारांची पांढरी भुकटी आत जाते.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले, की कापसाचे तंतू हवेत असतात. ते हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर धरतात. समोर जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे आणि आत हवा घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा एखादा जास्त ठेवावा. मग हवा फटींतून न येता जाळीतूनच येते. सफाई ब्लोअरने करावी, पंख्याची पाती बोटाने धरून. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको, त्या हवेत पाणी असते.

घेताना कोणत्या क्रमाने

आता कोणी 'कोणते कार्ड घेऊ' विचारले, की मी आधी संध्याकाळी सात वाजताचा व्होल्टेज विचारतो. मग अर्थिंग. मग एसएमपीएस. आमच्या यंत्राचा हिशेब असा होता : कार्ड १७०, प्रोसेसर जास्तीत जास्त ११७, बाकी सगळे ५०. एकूण ३३७ वॉट. त्याला ५५० वॉटचा डबा पुरतो, पण लेबलवर १००–२४० हवे आणि ४० किंवा ५० अंशांत पूर्ण क्षमता देण्याची हमी हवी. '८० प्लस'ची चित्ठी विजेची बचत सांगते, दणकटपणा नव्हे. त्यानंतर प्रोसेसर आणि त्याच्या सॉकेटचा मदरबोर्ड, रॅम, आणि उरलेल्या पैशांत कार्ड.

यंत्र सुरूच होत नसेल, तर बोर्डवरचे छोटे दिवे पाहा. प्रोसेसर, रॅम, कार्ड, डिस्क यांपैकी कुठे गाडी अडली ते कळते. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. मॉनिटरची तार मदरबोर्डला नाही, कार्डाला लावली आहे ना, हे बघा. आणि भाग बदलून पाहताना, त्याबरोबर आणखी काय बदलते आहे, हे आधी कागदावर लिहा.

आम्ही नवा एसएमपीएस बसवला, अर्थिंगचा खड्डा केला, बोर्डापर्यंत नवी वायर ओढली. मित्राचे कार्ड परत देण्याआधी त्यावर, १७६ व्होल्टच्या संध्याकाळी, दोन तास गेम चालवला. संगणक बंद पडला नाही. भाऊजी दारात उभे राहून पाहत होते. काही न बोलता ते आत गेले, आणि थोड्या वेळाने भाच्यासाठी चहा बाहेर आला.

विकलेल्या कार्डातले सहा हजार मी त्या दिवाळीत भरून दिले. भाचा घेत नव्हता. मी म्हटले, प्रयोग चुकला तर साहित्याचा खर्च मास्तरचा असतो.