बैलाचा भाव आणि बारीची बातमी

जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातले बरेचसे लेखन परंपरा की क्रौर्य, या एकाच वादाभोवती फिरते. यात्रांचा हंगाम सरल्यावर पारावर आणि चहाच्या टपरीवर रंगणारा वाद निराळा असतो. यंदा कोणी कोणता बैल घेतला, कितीला घेतला आणि तो त्या किमतीचा आहे का?

हा वाद सुटत का नाही, हे कळण्यासाठी शर्यतीची रीत पाहावी लागेल. इथली शर्यत चढाच्या धावपट्टीवर होते. त्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. गाड्याला दोन बैल जुंपलेले, त्यांच्यापुढे आणखी दोन आणि सर्वांपुढे घोडीवरचा स्वार. गाड्यावर माणूस बसत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. त्यामुळे निकालात पक्षपाताला वाव थोडा. मात्र घड्याळ सांगते ती चौघांची मिळून एकच वेळ. कोणत्या बैलाने गाडा ओढला आणि कोणता नुसता बरोबर धावला, हे त्या आकड्यात दिसत नाही. त्यात चार बैल अनेकदा वेगवेगळ्या मालकांचे असतात. शिवाय प्रत्येक घाटाची लांबी आणि चढ वेगळा. थापलिंगच्या घाटातले सेकंद दुसऱ्या घाटाला लावता येत नाहीत.

म्हणून खिलार बैलाची लाखांतली किंमत ठरते ती त्याच्या नावलौकिकावर. हा लौकिक घडवतो घाटातला निवेदक. 'भिर्रर्र' म्हणताना तो ज्या बैलाचे नाव घेतो, तेच गर्दीच्या कानात राहते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत बहुतेकदा गाडामालकांची आणि बक्षीस देणाऱ्यांची नावे येतात, बैलांची क्वचितच. निवेदक आपल्याच भागातल्या गाड्याचे कौतुक करतो, वार्ताहर पुढाऱ्याच्याच गाड्याला जागा देतो, या तक्रारींचे मूळ इथे आहे.

असा वाद जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला की हिवाळाभर खेळाडूंच्या खरेदीविक्रीची चर्चा चालते. तिला 'हॉट स्टोव्ह लीग' म्हणतात, म्हणजे शेगडीभोवतीचा अड्डा. बोस्टनने बेब रूथ न्यूयॉर्कला विकल्याचे जानेवारी 1920 मध्ये जाहीर झाले. किंमत एक लाख डॉलर. त्या सौद्यावर बोस्टनकर पिढ्यान्‌पिढ्या बोलत राहिले. तिथला सर्वोत्तम खेळाडू क्रीडापत्रकारांच्या मतांनी ठरतो. 1947 मध्ये बोस्टनचा टेड विल्यम्स फलंदाजीची सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत आपल्या लीगमध्ये पहिला होता. तरी मान गेला जो डिमॅजिओकडे, 202 विरुद्ध 201 गुणांनी. विल्यम्सचे पत्रकारांशी पटत नसे. पण एका गुणाचा हा अन्याय आजही मांडता येतो, कारण त्याचे आकडे लिहिलेले आहेत.

आपल्याकडे नेमके हेच उणे आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. 2017 मध्ये राज्याने कायदा केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलाची धावण्याची उमेद काही वर्षांचीच. साडेसात वर्षांत एक अख्खी पिढी घाट न पाहता म्हातारी झाली. तिच्या आधीच्या बैलांची कर्तबगारी कागदावर फारशी नव्हती, ती माणसांच्या आठवणीत उरली. शर्यती परतल्या तेव्हा वासराचा वंश सांगून भाव मागणाऱ्याजवळ आणि तो देणाऱ्याजवळ पुरावा एकच होता: कोणीतरी सांगितलेली गोष्ट.

शेतकरी त्या गोष्टीवर कर्ज काढतो, कधी जमिनीचा तुकडाही विकतो. म्हणून निवेदकाने निःपक्ष व्हावे, एवढे म्हणून भागत नाही. आपल्या बैलावर जीव असलेला माणूस निःपक्ष बोलणार नाही आणि घाटाची गंमतही त्यातच आहे. यात्रा कमिटीने एक वही ठेवावी. घाटाची लांबी, बारीची वेळ, चारही बैलांची नावे, पुढे कोण आणि गाड्याला कोण, एवढे लिहिले तरी पुरे. चार हंगामांच्या नोंदी जमल्या, की जोड्या बदलूनही कोणता बैल वेळ राखतो ते आपोआप दिसू लागेल. पारावरचा वाद त्याने मिटणार नाही, पण बेल्ह्याच्या बाजारात सौदा करणाऱ्याला वहीचे पान उलटून पाहता येईल.