ठेका चुकला की वार चुकला!
संगीत आणि आळीपाळीची लढाई यांची सांगड घालणारे व्हिडिओ गेम

पुणे : कसबा पेठेतील तांबट आळीतून जाताना मठारकामाच्या हातोड्यांचा ठेका कानावर पडतो. गणेशोत्सव जवळ आला की ढोल-ताशांच्या सरावाची त्यात भर पडते. पुण्याच्या या सर्वांत जुन्या पेठेत ताल हा केवळ ऐकण्याचा नव्हे, तर हाताने सांभाळण्याचा विषय आहे. नेमक्या याच कौशल्यावर बेतलेला व्हिडिओ गेमचा एक प्रकार जगभरात रुजला आहे. त्यात शत्रूवर वार करायचा तो तालात. ठेका चुकला की वारही चुकतो.

आळीपाळीचा डाव

कथेतील एखाद्या पात्राची भूमिका स्वतःकडे घेऊन खेळायचा खेळ म्हणजे 'रोल प्लेइंग गेम'. अमेरिकेत १९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळाने या प्रकाराचा पाया घातला. पुढे १९८६ मध्ये जपानमधील 'ड्रॅगन क्वेस्ट'ने तो घरोघरी पोहोचवला. यातील लढाई बुद्धिबळासारखी असते. आधी एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने. विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो, ही या पद्धतीची जमेची बाजू. मात्र, एकदा चाल ठरली की पुढचा वार पडद्यावर पाहत बसण्यापलीकडे खेळणाऱ्याला काम उरत नाही. ही रिकामी जागा संगीताने भरून काढली.

संगीत कामाला लागते

जपानमध्ये २००६ साली आलेल्या 'मदर ३'मध्ये हल्ल्याची आज्ञा दिल्यावर पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर बटण दाबत राहिल्यास एकाच्या जागी सलग १६ वार करता येतात. शत्रूनुसार संगीत बदलू शकते. ठेका सापडत नसेल तर शत्रूला झोपवायचे, म्हणजे मूळ ठोके स्पष्ट ऐकू येतात. कॅनडातील 'क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर'मध्ये (२०१५) नायिकेचे प्रत्येक पाऊल ठोक्यावरच पडावे लागते आणि राक्षसही त्याच ठोक्यावर सरकतात. २०२५ मधील 'क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्सपिडिशन ३३' या फ्रेंच खेळात आज्ञा आळीपाळीने दिल्या जातात, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवावा लागतो.

पुणेकरांना सर्वांत जवळचा वाटेल तो २००७ चा 'पॅटापॉन'. हा काटेकोरपणे आळीपाळीचा खेळ नाही, पण त्याची रचना बोलकी आहे. खेळणाऱ्याने चार ठोक्यांत ढोलावर आज्ञा द्यायची. पुढील चार ठोक्यांत चिमुकली फौज ती गात अमलात आणते. ताशाने इशारा द्यावा आणि ढोलांनी हात बदलावा, असाच हा प्रकार.

अशा खेळांत तांत्रिक अडचणही येते. वायरलेस इअरफोनमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने किंवा त्याहूनही अधिक उशिरा पोहोचू शकतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचेच अंतर असते. म्हणजे एक पंचमांश ठोका वाया गेला! त्यामुळे अनेक तालप्रधान खेळांत आधी हा फरक मोजून जुळवून घेण्याची सोय असते.

फडावरची लढाई

गाण्याने लढण्याची आणि आळीपाळीने वार करण्याची कल्पना महाराष्ट्राला मात्र नवी नाही. शाहिरी परंपरेतील कलगी-तुऱ्याचा सामना हा त्याचाच नमुना. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तर तुरेवाले शिवाला. एका फडाने डफ-तुणतुण्याच्या साथीने कूट सवाल टाकायचा, दुसऱ्याने तालासुरात त्याचा जबाब द्यायचा. मागे झीलकरी सूर धरून उभे. कसबा पेठेला लागून असलेल्या शनिवारवाड्यावर पेशवाई नांदत होती, त्या उत्तरकाळात होनाजी बाळा, सगनभाऊ, रामजोशी, प्रभाकर यांनी शाहिरीला बहर आणला. कोकणात 'शक्ती-तुरा' या नावाने हे सामने आजही रंगतात.

भारतीय कथेवर खेळ रचण्याची क्षमता पुण्याने दाखवली आहे. येथील 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' हा खेळ २०२० मध्ये आला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा पुराणांचा आधार घेते. तो हाणामारीचा खेळ आहे, आळीपाळीचा नव्हे. तरीही इथल्या मातीतली गोष्ट जगभरच्या पडद्यावर नेता येते, हे त्याने सिद्ध केले.

मग कलगी-तुऱ्याचा खेळ का होऊ नये? अडचण तंत्राची नाही, स्वभावाची आहे. व्हिडिओ गेममधील प्रत्येक उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. खेळणाऱ्याने ते फक्त निवडायचे. फडावर मात्र समोरून कोणता सवाल येईल हे ठाऊक नसते. पाठांतर, पुराणांचे ज्ञान आणि हजरजबाबीपणा यांच्या बळावर जबाब तिथल्या तिथे बांधावा लागतो. ठेका बटणात बसवता येईल, सवालही बसवता येतील. तो जबाब मात्र शाहिरालाच द्यावा लागेल. असा खेळ आला आणि त्यातून चार मुले डफाकडे वळली, तरी तो खऱ्या अर्थाने जिंकला असे म्हणता येईल.